शंख, सभा आणि ओसाड बेट : ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’च्या निमित्ताने

आजचा विषय आहे एक कादंबरी, आणि तिच्या आधाराने माणसाच्या स्वभावाविषयी गेली सत्तर वर्षं दिला जाणारा एक निकाल. कादंबरी म्हणजे विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’. निकाल असा, की माणसावरचं संस्कृतीचं पातळ पुट खरवडलं की खाली रानटी जनावर दबा धरून बसलेलं असतं.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा हॉब्जचा पाठ आला की हमखास याच कादंबरीचा दाखला देत असू. हॉब्ज काय म्हणतो ते समजत नसेल तर गोल्डिंग वाचा, असं सांगायचो. मुलं माना डोलवत. दाखला इतका सोयीचा होता की तो एकदा तपासून पाहावा, असं आम्हाला बरीच वर्षं वाटलंच नाही. ते राहिलेलं काम आज आपण करणार आहोत.

कथा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात उजळणी करू. अणुयुद्ध चालू आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना सुरक्षित जागी नेणारं विमान पडतं आणि ही मुलं उष्ण कटिबंधातल्या एका निर्जन बेटावर येतात. सोबत मोठं माणूस एकही नाही. राल्फ नावाच्या मुलाला एक शंख सापडतो. शंख वाजला की सभा भरायची आणि ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, असा नियम ठरतो. राल्फला नायक निवडतात. पण जॅक नावाचा दुसरा मुलगा शिकारी टोळी बांधतो. बेटावर कुणीतरी श्वापद आहे ही भीती पसरते आणि त्या भीतीवर जॅकची सत्ता वाढते. सायमन हा मुलगा मारला जातो. ज्याला सगळे ‘पिगी’ म्हणून चिडवतात तो मारला जातो, आणि त्याच क्षणी शंखाचे तुकडे होतात. शेवटी राल्फची शिकार करण्यासाठी आख्खं बेट पेटवतात. तो धूर पाहून ब्रिटिश नौदलाचा अधिकारी येतो आणि मुलं वाचतात.

आता हे लिहिणारा माणूस कोण? गोल्डिंग यांचा जन्म १९११ सालचा, कॉर्नवॉलमधला. वडील शाळामास्तर, विज्ञानावर आणि माणसाच्या प्रगतीवर भरवसा ठेवणारे. मुलगाही त्याच विश्वासात वाढला आणि पुढे स्वतः सॉल्झबरीच्या एका मुलांच्या शाळेत शिक्षक झाला. मध्ये दुसरं महायुद्ध आलं. गोल्डिंग नौदलात होते. जून १९४४च्या नॉर्मंडीच्या लढाईत किनाऱ्यावर रॉकेटं डागणाऱ्या एका नौकेचे ते अधिकारी होते. युद्धाआधी त्यांना वाटत होतं, समाजाची घडी नीट बसवली की माणूस आपोआप सुधारेल. युद्धानंतर तो विश्वास उरला नाही. आणि पुढे त्यांनी जे आवर्जून सांगितलं ते महत्त्वाचं आहे. ती भीषण कृत्यं कुठल्या जंगलातल्या टोळ्यांनी केली नव्हती. शिकल्यासवरल्या, डॉक्टर-वकील म्हणवणाऱ्या लोकांनी ती पद्धतशीरपणे केली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं हे हस्तलिखित अखेर फेबर अँड फेबर या संस्थेतले चार्ल्स माँटिथ यांनी उचललं, आणि सप्टेंबर १९५४मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. १९८३ साली गोल्डिंग यांना नोबेल मिळालं.

ओसाड बेटाची कथा ही मात्र इंग्रजीत जुनी परंपरा. तिचा मूळपुरुष १७१९ सालचा रॉबिन्सन क्रूसो. रूसोने ‘एमिल’ या १७६२च्या ग्रंथात आपल्या मानसपुत्राला पहिलं पुस्तक कुठलं द्यायचं तर ‘रॉबिन्सन क्रूसो’, असं सांगितलं. निसर्गात एकट्याने, कष्टाने जगणारा माणूस! पण एक गोष्ट आपण वाचताना विसरतो. क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो निघाला कुठे होता? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला. निसर्गपुत्राच्या कथेची सुरुवातच गुलामांच्या व्यापारात आहे.

त्यानंतर येते आर. एम. बॅलंटाइन यांची ‘द कोरल आयलंड’, १८५७ सालची. राल्फ, जॅक आणि पीटरकिन अशी तीन इंग्रज मुलं पॅसिफिकमधल्या बेटावर अडकतात आणि मजेत राहतात. या पुस्तकात वाईट माणसं सगळी बाहेरची, नरभक्षक आणि चाचे. मुलांच्या आत वाईट असं काही नाही. बॅलंटाइन स्वतः पॅसिफिकला कधी गेले नव्हते. त्यामुळे त्यांची मुलं झाडावरचा नारळ घेतात आणि सरळ चाकूने भोक पाडून पाणी पितात. म्हणजे नारळाला सोडण असतं हेच लेखकाला ठाऊक नाही! त्याने नारळ पाहिला तो दुकानातला, सोललेला. कोकणातलं पोर हे वाचून पोट धरून हसेल. पण थांबा. जो नारळाच्या बाबतीत चुकला, तो त्या बेटांवरच्या माणसांच्या बाबतीत बरोबर असेल असं का मानायचं? आणि तरी इंग्लंडमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘रानटी माणूस’ ओळखला तो अशाच पुस्तकांतून.

१८५७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या जुलैत कानपूरला इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, ती घोर होतीच. त्यानंतर इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत नानासाहेब पेशवे हे रानटीपणाचं चित्र होऊन बसले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८५८मध्ये, ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली. त्या वेळी झाशीत एक मराठी भिक्षुक अडकला होता. वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडावं म्हणून ते उत्तरेला गेले आणि बंडात सापडले. झाशीत घरोघर शिरून झालेली कत्तल आणि लूट त्यांनी स्वतः पाहिली, आणि ‘माझा प्रवास’मध्ये ती लिहून ठेवली. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. ‘कोरल आयलंड’ आणि झाशी, दोन्ही एकाच सुमाराची. एकीकडे सभ्य इंग्रज मुलगा आणि रानटी बेटकरी, दुसरीकडे सभ्य म्हणवणाऱ्या फौजेचं झाशीतलं वागणं. गोल्डिंगला जे १९४४-४५मध्ये उमगलं, ते आपल्या एका गरीब भिक्षुकाने ऐंशीहून अधिक वर्षं आधी डोळ्यांनी पाहिलं होतं.

गोल्डिंगने ‘कोरल आयलंड’ला उत्तर म्हणूनच आपलं पुस्तक लिहिलं. राल्फ आणि जॅक ही नावंसुद्धा तिथलीच. बॅलंटाइन म्हणतो वाईट बाहेर आहे, गोल्डिंग म्हणतो ते आत आहे. इथपर्यंत आम्ही वर्गात जे सांगायचो ते ठीकच होतं.

चूक पुढे होती. हॉब्जचा ‘लेव्हायथन’ १६५१चा. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध झालेलं, राजाचा शिरच्छेद झालेला, आणि हा माणूस पॅरिसमध्ये परागंदा. धाक घालणारी एक सत्ता नसेल तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील, हे त्याने त्या अनुभवातून काढलं. त्याच्यासमोर उदाहरण होतं ते एका सुधारलेल्या देशातल्या यादवीचं. पण ‘निसर्गावस्थे’चा दाखला म्हणून त्याने बोट दाखवलं अमेरिकेतल्या मूळ लोकांकडे. म्हणजे आग लागली स्वतःच्या घराला, आणि धूर दाखवला दुसऱ्याच्या रानात.

उलट बाजूला १७५५चा रूसो. तो म्हणतो, माणूस मुळात निरुपद्रवी, मालमत्ता आणि विषमता आली तसा तो बिघडला. या दोघांत निवड करा, असा प्रश्न परीक्षेत शंभर वर्षं येतोय. आम्हीही तो काढलाय! आणि विद्यार्थी उत्तरात गोल्डिंगला पुरावा म्हणून आणतात. पण कादंबरी हा पुरावा असतो का?

गंमत बघा. कादंबरीतला अग्नी पेटतो पिगीच्या चष्म्याने. भिंगातून सूर्यकिरण एकवटून. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची काच अंतर्गोल. अंतर्गोल भिंग किरण फाकवतं, एकवटत नाही. बेटावर कुणी हजार वेळा प्रयत्न केला तरी त्या चष्म्याने ठिणगी पडणार नाही. बॅलंटाइनचा नारळ तसा गोल्डिंगचा चष्मा. हे आम्ही लेखकाला हिणवण्यासाठी सांगत नाही. सांगायचं इतकंच, की ती आग मुलांनी नव्हे, लेखकाने लावली आहे. कोणती मुलं, किती, कुठून आलेली, कधी काय घडायचं, हे सगळं त्याने ठरवलं. कादंबरी हा प्रयोग नव्हे. तिच्याकडून निष्कर्ष घेऊ नये, तिच्याकडून निरीक्षण शिकावं.

मग आपण ती पुन्हा, निरीक्षण करत वाचू. पहिला प्रश्न असा, की बेटावर रानटीपणा कुणापासून सुरू होतो? सगळ्यात शिस्तबद्ध गटापासून! बाकीची मुलं एकेकटी, धडपडत येतात. जॅकची मुलं मात्र दोन रांगांत, चालीवर येतात. ते चर्चमधलं गायकवृंद आहे. अंगावर काळे झगे, छातीवर रुपेरी क्रूस, डोक्यावर टोप्या. उन्हात त्यातला एक मुलगा चक्कर येऊन पडतो, तो सायमन. हाच वृंद पुढे शिकारी टोळी होतो. आज्ञा पाळण्याची सवय त्यांनी बेटावर येताना सोबत आणलेली होती, फक्त आज्ञेतला आशय बदलला.

दुसरं निरीक्षण हिशेबाचं. पिगी अगदी पहिल्या दिवशी म्हणतो की सगळ्यांची नावं लिहून काढू, यादी करू. ती यादी कधीच होत नाही. पहिलीच मोठी आग हाताबाहेर जाते आणि चेहऱ्यावर जांभळा डाग असलेला एक लहान मुलगा पुन्हा दिसत नाही. किती मुलं होती हेच ठाऊक नाही, तर कोण हरवलं हे कसं कळणार? आणि खुद्द पिगीचं खरं नाव? ते राल्फ विचारत नाही, आपल्यालाही शेवटपर्यंत कळत नाही. शाळेतलं ते टोपणनाव इथे कुणाला सांगू नको, अशी त्याची विनवणी होती. राल्फ, म्हणजे आपला चांगला नायक, ते भर सभेत सांगून टाकतो आणि सगळे हसतात. सायमन मारला जातो त्याच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे. त्या रात्रीही राल्फ आणि पिगी जॅकचं मांस खाऊन त्या वर्तुळात होतेच, हे विसरू नका.

तिसरं निरीक्षण रॉजरचं. सुरुवातीला तो एका लहान मुलाच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम काही अंतर राखून. कुणी अडवत नाही, तरी हात आखडतो, कारण आईबाप, शाळा, पोलीस, कायदा अजून त्या हातात आहेत. शेवटी तोच रॉजर कड्यावरचा प्रचंड धोंडा पिगीवर लोटतो. या दोन दगडांच्या मध्ये पायऱ्या आहेत. तोंडाला रंग फासला, आणि रंगाआड लाज गेली. श्वापदाची भीती वाढली, आणि तिच्यावर सभेत शंका काढणाऱ्याला भित्रा म्हटलं गेलं. मांस एकाच्या हाती आलं, आणि मांस हवं तर त्याच्या बाजूला या, असं झालं. यातली एकही गोष्ट ‘स्वभाव’ या एका शब्दात मावत नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी थांबू शकलं असतं.

आपल्या भाषेत ‘सभ्य’ हा शब्द फार नेमका आहे. इंग्रजीतल्या ‘सिव्हिलायझेशन’च्या मुळाशी लॅटिनमधला नागरिक आहे. आपल्या ‘सभ्य’च्या मुळाशी आहे सभा. सभेत जो साधू, म्हणजे सभेत बसायला योग्य, तो सभ्य, अशी व्युत्पत्ती पाणिनीने दिली आहे. यात कपडे नाहीत, शहर नाही, वंश तर नाहीच. सभा आहे तोवर सभ्यता, आणि सभा ही रोज बोलवावी लागते. गोल्डिंगचा शंख नेमकं हेच सांगतो. शंखात स्वतःची ताकद काहीच नाही. ऐकून घेण्याचं मुलांनी ठरवलं तेवढीच त्याची ताकद.

आता पुस्तकातून बाहेर येऊ, इतिहासात. १९५४ सालीच, अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने २२ मुलांना एका शिबिरात नेलं. दोन गट केले, स्पर्धा लावल्या, बक्षीस एकाच गटाला. थोड्या दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. मग पाणीपुरवठा बंद पडणं, मालमोटार अडकणं अशा अडचणी आणल्या, ज्या दोन्ही गटांनी मिळूनच सोडवाव्या लागत, आणि वैर ओसरलं. हे पाठ्यपुस्तकांत येतं. जे सहसा येत नाही ते असं, की आदल्या वर्षी, १९५३मध्ये, शेरीफने न्यूयॉर्क राज्यात असाच प्रयोग केला होता आणि तो फसला. कारण गट पाडण्याआधी मुलांना एकमेकांशी दोस्ती करायला वेळ मिळाला होता. प्रौढांनी भांडणं लावायचे प्रयत्न केले तर मुलांना प्रौढांचाच संशय आला!

आणि खरोखर बेटावर अडकलेली मुलं? तीही आहेत. जून १९६५मध्ये टोंगाची राजधानी नुकुअलोफा इथल्या शाळेतली सहा मुलं कंटाळून एक होडी घेऊन निघाली. वादळात शीड-सुकाणू गेलं. आठ दिवस वाहत जाऊन ती ‘अटा’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. सप्टेंबर १९६६मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाच्या बोटीने त्यांना पाहिलं, म्हणजे सव्वा वर्ष ती तिथे होती. सगळी जिवंत. त्यांनी आग पेटवली आणि ती विझू दिली नाही. कामाच्या जोड्या ठरवल्या. भांडण झालं तर दोघांनी दोन दिशांना जाऊन डोकं थंड करायचं, मग परत यायचं. दिवसाची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने, गाण्याने. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून हाड बसवलं आणि तो बरा होईपर्यंत त्याचं काम वाटून घेतलं.

ही गोष्ट २०२० साली जगभर गाजली. गोल्डिंग खोटा, माणूस मुळात चांगला, असा नवा निकाल लगेच लागला. आम्हालाही क्षणभर मोह झाला. पण सहा मुलांवरून मानवजातीचा निकाल लावणं हे कादंबरीवरून लावण्याइतकंच कच्चं. ती मुलं एका शाळेतली, एका भाषेची, एका प्रार्थनेची होती. समुद्र आणि होडी त्यांना परकी नव्हती. त्यांनी बेटावर जाताना सभा सोबत नेली होती. जॅकच्या वृंदाने जशी रांग सोबत नेली, तशी.

पण अटाच्या कथेत आणखी एक थर आहे, आणि आजचं व्याख्यान आम्ही खरं तर त्यासाठीच ठेवलं. बेटावर चढून वर गेल्यावर त्या मुलांना काय सापडलं? जुन्या गावाचे अवशेष. रानात वाढलेली अळूची जात, केळी, मोकाट कोंबड्या. म्हणजे बेट निर्जन होतं, पण कायमचं निर्जन नव्हतं. मग लोक गेले कुठे?

१८६२-६३मध्ये पेरूला मजूर हवे होते, आणि पॅसिफिकच्या बेटांवरून माणसं पळवून नेणारी जहाजं फिरू लागली होती. १८६३ साली ‘ग्रीशियन’ नावाचं जहाज अटाला आलं. व्यापाराचं आमिष दाखवून लोकांना जहाजावर बोलावलं, आत घेतलं, आणि दारं लावून जहाज निघून गेलं. सुमारे दीडशे माणसं. त्यातलं कुणी घरी परतलं नाही. टोंगाचे राजे पहिले टुपो यांनी उरलेल्या लोकांना सुरक्षिततेसाठी एउआ या बेटावर हलवलं. अटा ओसाड झालं ते असं.

आता ‘कोरल आयलंड’ आठवा. १८५७मध्ये इंग्लंडची मुलं वाचत होती की पॅसिफिकच्या बेटांवर रानटी लोक राहतात आणि सुधारणा जहाजातून येते. सहाच वर्षांनी अटाच्या किनाऱ्याला जहाज लागलं. त्यातून उतरलं ते काय होतं? आणि शंभर वर्षांनी सहा मुलं जगली ती कशावर? पळवून नेलेल्या आणि हलवलेल्या त्या लोकांनी मागे ठेवलेल्या केळीवर, अळूवर, कोंबड्यांवर. आपण ‘ओसाड बेट’ म्हणतो तेव्हा ते कुणी ओसाड केलं, हा प्रश्न कधी विचारत नाही. ‘निसर्गावस्था’ म्हणून तत्त्वज्ञ ज्याकडे बोट दाखवतात, तिथे पुष्कळदा कुणाचं तरी मोडलेलं गाव असतं.

गोल्डिंगला हे अगदीच दिसलं नव्हतं असं नाही. शेवट पाहा. पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी येतो. ब्रिटिश मुलांनी याहून बरं वागायला हवं होतं, असा त्याचा नाराजीचा सूर, आणि ‘कोरल आयलंड’चं नावही तो काढतो. त्याची युद्धनौका मागे उभी आहे, तीही माणसांच्याच शिकारीवर निघालेली. तिला कोण वाचवणार? तो विचारतो, तुम्ही एकंदर किती जण आहात? राल्फ मान हलवतो. ठाऊक नाही. ती यादी झालेलीच नव्हती. मग एक चिमुरडा पुढे येतो. घरून त्याला नाव-पत्ता मंत्रासारखा पाठ करून दिलेला. पूर्वी तो रडत रडत का होईना म्हणायचा. आता तो तोंड उघडतो आणि त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही.

वर्गात आम्ही या जागेवरून नेहमी घाईने पुढे जात असू, कारण शेवटी हॉब्जपाशी पोचायचं असे. आणि त्याचा परिणाम काय होई, तो आज जाणवतो. माणूस मुळातच रानटी, हे विशीतल्या मुलाला पटलं की त्याच्यापुढचं वाक्य कुणीतरी तयार ठेवलेलंच असतं : म्हणून धाक हवा, म्हणून एकच खंबीर हात हवा. जॅक हेच म्हणत होता. शंख आता नको, कुणी बोलायचं ते मी ठरवीन. हॉब्जला जो उपाय वाटतो, तो गोल्डिंगच्या बेटावर रोग आहे. दोघांना एका पंक्तीला बसवून आम्ही मुलांना चुकीचं शिकवलं. ज्यांना ते शिकवलं ते आज पन्नाशीचे असतील, त्यांतले काही हे ऐकत असतील. त्यांच्यासाठी ही दुरुस्ती.

माणूस मुळात चांगला की वाईट, याचं उत्तर आज आम्ही देणार नाही. देता येत नाही म्हणून नव्हे, तर प्रश्नच आपल्याला हात झटकायला मदत करतो म्हणून. त्याऐवजी कुठल्याही समाजाकडे, संस्थेकडे, अगदी आपल्या सोसायटीच्या सभेकडेही पाहताना साधे प्रश्न विचारावेत. इथे सगळ्यांची नावं लिहिली आहेत का? ज्याला हसतात त्याला शंख मिळतो का? भीती दाखवली जाते तेव्हा, श्वापद खरंच पाहिलं कुणी, असं विचारायची मुभा आहे का? उत्तरं नकारार्थी येऊ लागली, तर समजावं की पहिला दगड पडून गेला आहे, फक्त तो अजून अंतर राखून पडतोय.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.